मांडावरचं गाऱ्हाणं

माझी नात दिव्या लग्न होऊन दोडामार्गाला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न फेब्रुवारीत झालं. मार्च उजाडला तरी मांडवाचे वासे परसात तसेच पडलेले होते आणि माझ्या एकुलत्या बऱ्या लुगड्यावरचे हळदीचे डाग गेले नव्हते. अशा एका सकाळी आकांक्षा नावाची मुलगी आमच्या मासळीच्या बाजारकट्ट्यावर आली आणि बांगड्यांच्या पाटीपुढे हात जोडून उभी राहिली. मासे घ्यायला आलेलं माणूस हात जोडत नाही, नाक मुरडतं. तेव्हाच मी ओळखलं, हिला मासे नकोत, आम्ही हव्या आहोत.

“आठ तारखेला महिला दिन आहे,” ती म्हणाली. “स्त्रियांच्या हक्कांसाठी आमची संस्था मोर्चा काढतेय. बंदरापासून मांडापर्यंत चालायचं, मग मांडावर सभा. तुम्ही सगळ्यांनी यायचं.”

“आणि मासे कोण इकतला?” माझ्या शेजारी बसलेल्या हौसाबाईने विचारलं.

“एक दिवस बंद ठेवा ना, आजी.”

“तू एक दिस जेव नको.”

कट्ट्यावर आम्ही अकराजणी. सगळ्या हसल्या. पोरगी लाल झाली, पण गेली नाही. कसालची होती, कुडाळला शिकलेली. अशा मुली दर दोन वर्षांनी येतात. एक आली ती आम्हाला मेणबत्त्या करायला शिकवून गेली. एकीने हात कसे धुवायचे ते दाखवलं. चाळीस वर्षं मासे धुणाऱ्या बायकांना. सगळ्या फोटो काढतात आणि जाताना डोळे पुसतात.

“तुमच्यातल्या एकीला मंचावर बोलायचंय,” आकांक्षा म्हणाली. “तुमचे जे प्रश्न असतील ते.”

हौसाबाईने सुरी खाली ठेवली. “कायव बोलूचा?”

“काहीही.”

“मगे मी संडासाचा बोलतलंय.”

हे संडासाचं मी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. कट्ट्यावर आम्ही सकाळी सातला पाट्या उतरवतो आणि दोनला उठतो. घर प्रत्येकीचं लांब, हौसाबाईचं तर चढावर, चार किलोमीटर. आधी कट्ट्यामागे केवड्याचं बन होतं, पाळीपाळीने तिथे जायचो. सहा वर्षांपूर्वी ती जागा विकली गेली, तिथे पर्यटकांसाठी खोल्या झाल्या, भोवती चिऱ्यांची भिंत आली. तेव्हापासून आम्ही पहाटे चहाचा एक घोट घेतो आणि घरी जाईपर्यंत पाणी पीत नाही. सवय होते. निदान आम्ही तसं म्हणायचो. हौसाबाईच्या कंबरेत त्या वर्षी कळा यायच्या, लघवीला आग व्हायची, मधून ताप यायचा. मालवणच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, भरपूर पाणी पीत जा. तिने हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर येऊन बसली.

अर्ज मी लिहायची. अडतिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात कंदिलापुढे बसून मी अक्षर गिरवलं, म्हणून कट्ट्यावर जे काही लिहायचं ते माझ्या अंगावर. ग्रामपंचायतीला मी सात अर्ज दिले. पहिल्याला पोच मिळाली. दुसऱ्यावर शेरा आला की विषय विचाराधीन आहे. पुढच्या पाचांची पोचही मिळाली नाही. आमच्या सरपंच चंद्रावती. बायांसाठी राखीव जागा होती म्हणून त्या झाल्या. खुर्चीत त्यांचा नवरा नितेश बसतो. सही त्या करतात, आणि तेवढ्यापुरतं त्यांना घरून बोलावून आणतात.

आकांक्षा दोन दिवसांनी परत आली ती छापील कागद घेऊन. वर लिहिलं होतं, मनोगत. मी ते हौसाबाईला वाचून दाखवलं. “मी एक सक्षम महिला आहे. आज मी स्वतःच्या पायांवर उभी आहे. माझ्या पंखांना बळ देणाऱ्या संस्थेची मी ऋणी आहे.”

“ह्या कोणाचा?” हौसाबाईने विचारलं.

“तुझा.”

“माझा? माका पंख खंय आसत?”

“म्हणूचा तसा. पाठ कर.”

“आणि संडास?”

कागदात संडास नव्हता. आकांक्षा म्हणाली, हे आधी म्हणा आजी, शेवटी तुमचं सांगा, दोन मिनिटं आहेत. दोन मिनिटांत एक मिनिट संस्थेचं. हौसाबाई तीन दिवस पाठ करत होती. सुरमईचे तुकडे पाडताना पुटपुटायची, “मी एक सक्षम, मी एक सक्षम,” आणि गिऱ्हाईक विचारायचं, काय गो, काय झाला तुका?

आठ तारीख बुधवारी आली. सोमवारी होळी झालेली, गावात शिमगा चालू. मोर्चात दोनशे बाया असतील. सगळ्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटे बांधले होते. ऊन चढलं, घाम आला आणि फेट्यांचा रंग उतरून कपाळावरून गालांवर आला. पाहणाऱ्याला वाटावं, आम्ही रंगपंचमी खेळून आलोय. पुढे फलक, त्यामागे संस्थेच्या बाया, त्यामागे अंगणवाडीच्या, त्यामागे बचत गटांच्या, शेवटी आम्ही. मासेवाल्या शेवटी का, ते सांगायला नको. वाऱ्याची दिशा पाहून ठरवलं असेल.

पानाच्या टपरीवर पुरुष उभे होते. एक म्हणाला, “आज घरात कोण रांधतला?” दुसरा म्हणाला, “शिमग्याचा रोंबाट समज आणि गप रव.” रोंबाट म्हणजे ढोलताशांचा धिंगाणा. त्यांच्या घरच्या बायका त्याच मोर्चात होत्या आणि पहाटे चारला उठून त्यांचं दुपारचं जेवण झाकून आल्या होत्या. समानतेच्या घोषणा देऊन त्यांचे घसे बसले. घरी कोणाला ओरडून सांगायची मुभा नसते, तेवढं तरी झालं.

सभा मांडावर. मांड म्हणजे आमच्या गावातली देवाची मोकळी जागा, शिमग्याला देव तिथे येतो. सपाट जागा गावात तेवढीच, म्हणून मंडप तिथेच घातला. मंचावर नऊ खुर्च्या. सात पुरुष बसले. आठव्या खुर्चीवर चंद्रावती सरपंच, हातपाय आखडून. नववी संस्थेने बोलावलेल्या पाहुण्या बाईंची. त्या दोन तास उशिरा आल्या. त्यांची हातपाय धुवायची सोय सरपंचांच्या घरी केली होती. दोनशे बायांची सोय कोणाच्या डोक्यात आली नव्हती. मोर्चा स्त्रियांच्या सन्मानाचा होता.

आकांक्षा पाण्याच्या बाटल्या वाटत आमच्यापर्यंत आली. अकराजणींनी अकरा बाटल्या घेऊन पिशवीत टाकल्या.

“आजी, प्या ना. केवढं ऊन आहे.”

“पितंय,” हौसाबाई म्हणाली. “पण मगे तू माका खंय न्हेतलंस ता आदी सांग.”

पोरीने मंडपाच्या मागे पाहिलं, शाळेकडे पाहिलं, शाळेला कुलूप होतं. मग तिने स्वतःची बाटलीही बंद केली, हे मी पाहिलं. मला तेव्हा तिचा रागच आला. आमच्या रांगेत बसायला कोणी बोलावलं होतं तिला?

पाहुण्या बाई पाऊण तास बोलल्या. स्त्री ही शक्ती आहे, स्त्री ही माता आहे, स्त्री ही धरती आहे असं त्या सांगत होत्या. माझ्या बाजूची मथुरा धुरी, जिला नवरा परवाच होळीच्या रात्री बडवून मोकळा झाला होता, टाळ्या वाजवत होती. मी तिला विचारलं, “काय कळला गो तुका?” ती म्हणाली, “सगळी वाजवतत म्हणान.” मीही वाजवत होते. दुसऱ्यांना नावं ठेवायला माझं काय जातंय.

मग हौसाबाईचं नाव पुकारलं.

ती चढली. माईकपुढे उभी राहिली. कागद माझ्यापाशी, कारण तिला वाचता येत नव्हतं. “मी एक,” ती म्हणाली, आणि पुढचं गेलं. “मी एक,” ती पुन्हा म्हणाली. खुर्चीवरच्या पुरुषांपैकी कोणीतरी हसलं. मी खालून ओठ हलवून “सक्षम” म्हणत होते, पण तिची नजर माझ्याकडे नव्हती. मंचावर एका तबकात पाहुण्यांच्या सत्काराची शाल आणि नारळ ठेवला होता. ती तबकापाशी गेली आणि तिने तो नारळ उचलला.

हौसाबाईचा नवरा गुणाजी नऊ वर्षांपूर्वी वारला. जिवंत होता तोवर बंदरावर नारळी पौर्णिमेचं गाऱ्हाणं तो घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे नारळ हातात धरून देवाला मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. होडी पाण्यात लोटायची असो की नाटकाचा पडदा उघडायचा असो, आमच्याकडे त्यावाचून काही सुरू होत नाही. घालतात ते पुरुष. बायकांनी मागून व्हय म्हणायचं. चार माणसांत उभं राहून बोलायची दुसरी कुठलीच रीत हौसाबाईने जन्मात ऐकली नव्हती.

“बा देवा म्हाराजा,” ती म्हणाली. तिचा आवाज कट्ट्यावरून धक्क्यापर्यंत जातो. माईकची गरज नव्हती.

“व्हय म्हाराजा,” आम्ही दहाजणी म्हणालो. न ठरवता तोंडातून आलं.

“बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा. आज ह्या तुझ्या मांडार हो मेळो जमलेलो आसा.”

“व्हय म्हाराजा.” आता अर्धा मंडप.

“आमी कट्ट्यारच्यो अकराजणी सकाळी सातांक पाटी उतरवतंव आणि दोनांक उचलतंव. तवसर आमच्या पोटात पाण्याचो थेंब नाय. तान लागणा नाय म्हणान न्हय. पाणी प्यालंव तर जावचा खंय म्हणान.”

“व्हय म्हाराजा.”

“केवड्याचा बन होता, ता गेला. थंय आता मुंबैचे पावणे न्हातत. तेंचा बरा होवंदे. पण आमका कट्ट्याच्या पाठसून चार भिंती आणि एक दार होया. ह्या ज्यांच्या हातात आसा, ते आज हंयच खुर्चेर बसले आसत. तेंका बुद्धी दी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” या वेळी आवाज मंचावरूनही आला. सातही पुरुष म्हणाले. शिमग्याचे दिवस, सोमवारपासून तेच म्हणत होते, जीभ आपोआप वळली. नितेश तर हात जोडून, डोळे मिटून म्हणाला. आणि चंद्रावती सरपंच सगळ्यांत मोठ्याने म्हणाल्या. सरपंच झाल्यापासूनच्या दीड वर्षात गावाने त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“आणि जो कोण आज व्हय म्हणान उद्या नाय म्हणात, तेका तू बघून घे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

हौसाबाईने नारळ कपाळाला लावला आणि तबकात परत ठेवला. पाहुण्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मंडपभर फोन वर झाले होते. “किती गोड,” त्या माईकवर म्हणाल्या, “हीच आपली कोकणची संस्कृती.” मग हौसाबाईच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी विचारलं, “आजी, पुन्हा एकदा म्हणाल? आमच्या शूटिंगवाल्या मुलाला नीट घेता आलं नाही.”

“गाऱ्हाणा दोनदा घालनत नाय,” हौसाबाई म्हणाली आणि खाली आली.

दोन दिवसांत ते सगळ्या फोनांवर फिरलं. माझ्या भावाच्या सुनेने मुंबईहून मलाच पाठवलं, खाली हसून हसून रडणारी तोंडं. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात गाऱ्हाणं घालायला याल का, असं कोणी विचारायला आलं. कट्ट्यावर मासे घेताना माणसं हौसाबाईचा फोटो काढायची. “आजी, एकदा बा देवा म्हाराजा म्हणा.” संडासाबद्दल एकानेही विचारलं नाही. दोनशे बाया, सात पुरुष आणि फोनातले हजारोजण. काय मागितलं ते कोणाच्या कानात शिरलं नाही.

शिरलं ते एकाच्याच. शुक्रवारी परशुराम गुरव कट्ट्यावर आला. देवळाची पूजा त्याच्याकडे. रागातच होता.

“हौसा, मांडार गाऱ्हाणा घालूक तुका कोणी सांगितला?”

“चुकला तर दंडाचो नारळ देतंय,” हौसाबाई म्हणाली.

“नारळ देवन तू सुटतलंस. बोलणा सुटात? मांडार, शिमग्याच्या दिसांत, नारळ हातात धरून घातलंस. वर अख्ख्या गावान व्हय म्हटला. आता ता देवाकडे लागला. पुरा होवक नाय तर कोण भरतला? तू? मी?”

बायकांच्या हालांचं परशुरामाला काडीचंही पडलेलं नव्हतं. त्याची स्वतःची बायको अजून अंधार असताना माडांच्या बागेत जाते. त्याला चिंता देवाची होती, म्हणजे स्वतःची. पण तो तिथून निघाला तो थेट पंचायतीत गेला, आणि आम्ही दोघी त्याच्या मागून.

नितेश बायकोच्या खुर्चीत होता. कचेरीत बसला की तो शुद्ध बोलतो. “गुरवकाका, तो विषय विचाराधीन आहे. प्रस्ताव तयार करून तालुक्याला पाठवू.”

“माका तालुको नको. तू मांडार व्हय म्हटलंस काय नाय?”

“अहो, ते सवयीने आलं तोंडातून.”

“सवयीन इला ता देवाक कसा कळतला?”

नितेश हसला. मग हसू थांबलं. “आणि शेवटचा ता,” परशुराम म्हणाला, “व्हय म्हणान नाय म्हणात तेका बघून घे. तेकाय तू व्हय म्हटलंस. डोळे मिटून.”

“गाऱ्हाणा बाईमाणसान घातलेला. ता लागू होता काय पण?” नितेशची शुद्ध भाषा कधी सुटली ते त्यालाही कळलं नाही.

“इचारतंस माका? जा, देवाक इचार.”

तो देवाला विचारायला गेला नाही. रविवारी त्याच्या पर्यटकांच्या होडीचं इंजिन भर खाडीत बंद पडलं. आत वाळू गेली होती. माझ्या मुलाने, धनेशने, स्वतः खोलून काढली. पण गावाला वाळू नको होती, देव हवा होता. सोमवारी सकाळी कट्ट्यामागे चिऱ्यांचा ट्रक उभा होता. सात अर्जांना जमलं नाही ते चिमूटभर वाळूने केलं. हक्क, समानता, सन्मान, सगळं पाहुण्या बाईंच्या भाषणात राहिलं. भिंती उभ्या राहिल्या त्या एका भित्र्या माणसाच्या होडीपायी. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ज्या गावात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, देवाची धमकी घालावी लागते, तिथे कसला आनंद.

आणि काम चालू असतानाच, एप्रिलच्या मध्यावर, हौसाबाई कट्ट्यावर पाटी उचलताना खाली बसली ती उठलीच नाही. अंगावर सूज होती. कुडाळला नेली. डॉक्टरांनी तपासण्या करून तिच्या मुलाला, अजयला, सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. जुने खडे, वर्षानुवर्षांचा संसर्ग. त्यांनी विचारलं, पाणी पीत नव्हत्या का? अजयने माझ्याकडे पाहिलं. तो मुंबईला नोकरीला. त्याला काय माहीत असणार. आईने रांधलेले मासे खाल्लेला मुलगा.

मग आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला कुडाळ. आणि आता पाणी मोजून, कारण प्यालेलं बाहेर पडत नव्हतं. दिवसाला तीन फुलपात्री, त्यात चहा, आमटी, औषधाचं सगळं आलं.

संडासाचं उद्घाटन मेअखेर झालं. फीत होती. भिंतीवर संगमरवरी पाटी, तिच्यावर पाहुण्या बाईंचं नाव, नितेशचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात चंद्रावतीचं. मी ती पाटी दोनदा वाचली. आकांक्षा आली होती, संस्थेचा फोटोवालाही होता. मोर्चाला आलेलं यश म्हणून तो पाटीचे फोटो काढत होता. हौसाबाईला अजयने रिक्षातून आणलं. पाय सुजलेले, चपला हातात.

आकांक्षा पाण्याची बाटली घेऊन तिच्यापाशी गेली. “आजी, आता प्या. आता काय अडचण नाही.” तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हौसाबाईने बाटली घेतली, थोडं पाणी तळहातावर ओतलं, ओठांना लावलं आणि झाकण घट्ट करून परत दिली. मग भिंतीला धरत आत गेली. आम्ही बाहेर थांबलो. आतून कडी लागल्याचा आवाज आला, उघडल्याचा आला, पुन्हा लागल्याचा आला. बराच वेळ ती आतच होती. त्या दिवसांत तिला चोवीस तासांत जेमतेम एकदा लघवी व्हायची, तीही थेंबभर. आकांक्षा मला हळूच म्हणाली, “काकी, ह्यांका काय झाला?” शुद्ध बोलायचं ती विसरली होती. मी सांगितलं. तिने फोटोवाल्याला जायला सांगितलं, आणि पाटीकडे पाठ करून कट्ट्यावर आमच्यात बसून राहिली. मी तिला सरकून जागा दिली, बस एवढंच.

दार उघडून हौसाबाई बाहेर आली.

“कडी बरी आसा,” ती म्हणाली, आणि रिक्षात जाऊन बसली.

हौसाबाई गुणाजी मेतर त्याच वर्षी, म्हणजे २०२३ साली, २९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे आपल्या घरी वारली. तिचं वय चौसष्ट होतं.